आईचा महिना, गाडीचा ब्रेक

१ फेब्रुवारी

वहिनीस,

आशीर्वाद. वयाने मोठी आहे, म्हणून द्यावा लागतो.

माझा महिना संपला, आज आई आणि गाडी दोन्ही महिनाभरासाठी तुझ्याकडे येताहेत. नेहमीसारखा धाकटा, म्हणजे तुझा नवरा, खाली उभा राहून हॉर्न वाजवेल, आईची पिशवी उचलेल आणि वर न येता निघून जाईल. तुझ्या शोरूमच्या काउंटरवर आपलं जे झालं त्यानंतर एकमेकींशी तोंडाने बोलायचं नाही, असं तूच म्हणालीस. उत्तम. मी लिहीन. हे पत्र गाडीच्या पुढच्या कप्प्यात, काच पुसायच्या फडक्याखाली ठेवतेय. उत्तर द्यायची हिंमत असेल तर महिन्याने तिथेच ठेव.

त्या दिवशी मी ओरडले हे खरं. चार गिऱ्हाइकांसमोर ओरडले, हेही खरं. पण एक एअर फिल्टर, जो बाजारात मिळतो त्याच्या चौपट पैसे तुम्ही लावलेत, आणि तो बसवायची मजुरी वेगळी. अगं, झाकणाच्या दोन पकडी उघडायच्या, जुना काढायचा, नवा ठेवायचा. डब्यात पोळ्या ठेवाव्यात इतकं ते काम. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला! वर तू टेबलापलीकडून मला म्हणालीस, "मॅडम, कंपनीचे दर फिक्स आहेत." मॅडम! सख्ख्या नणंदेला!

तर जानेवारीत मी काय केलं ते ऐक. आई म्हणत होती, दवाखान्याच्या चढावर गाडी उभी केली की मागे सरकते, हँडब्रेक धरत नाही. मी मागची दोन्ही चाकं काढली, ड्रम उघडले. आत भुकटीचा थर होता. साफ केलं, ब्रेकचे शू घासले, आतलं दात्यांचं चाक फिरवून नीट बसवलं. आता हँडब्रेक पाच खटक्यांवर धरतो. बाबा तेवढ्यावरच ठेवायचे. ते ही गाडी भाड्याने चालवायचे तेव्हा सुट्टीच्या दिवशी दिवा धरून त्यांच्याजवळ मी बसायचे. तुझा नवरा तेव्हा खेळायला पळायचा. म्हणून आज त्याला बिल भरावं लागतं.

माझ्या शिवणाच्या चारही मशीन मी स्वतः उघडते. गाडी त्याहून काही वेगळी नाही, फक्त मोठी आहे. हात लावू नकोस तिला.

तुझी नणंद

---

१ मार्च

ती. वन्संना,

नमस्कार. तुमचा आशीर्वाद पोचला. चवीला जरा तिखट होता.

तुम्ही ओरडलात त्याचं मला काय भोगावं लागलं ते तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. मॅनेजरने केबिनमध्ये बोलावून विचारलं, "ती बाई तुमच्या घरातली होती का?" मी मान खाली घालून हो म्हटलं. सहा वर्षं मी त्या काउंटरवर उभी आहे. लोक रोज माझ्यावर ओरडतात, त्याची सवय आहे. पण ते परके असतात. घरातलं माणूस ओरडलं की बाकीच्या मुली आठवडाभर कुजबुजतात.

आता तुमच्या कामाबद्दल. वन्सं, माणसाने सांगताना थोडा तरी विचार करावा. आई आल्या त्याच संध्याकाळी मी विचारलं, गाडी कशी काय? म्हणाल्या, "हँडब्रेक तसाच आहे गं. तिला सांगून सांगून थकले. तिने हातसुद्धा लावला नाही, सगळा वेळ मशीनवर." आता तुमचं पत्र खरं मानू की गाडीत बसणाऱ्या माउलीचं? दोन्ही चाकं काढली म्हणे! आपल्या मनाने पराक्रम लिहायला कागद काही नाही म्हणत नाही.

मी गाडी वर्कशॉपला लावली. पूर्ण सर्व्हिस करून घेतली. हँडब्रेकची तक्रार मी स्वतः जॉबकार्डवर लिहिली आणि काम करून घेतलं. पुढच्या सीटना नवी कव्हरंही घातली, कारण जुन्यांवर तुमच्या तेलकट हातांचे ठसे होते. बिल सोबत जोडलंय. माझी सवलत वजा करून आहे. निम्मे तुमचे.

महाग आहे, मान्य. पण रस्त्यात काही झालं तर आमच्या कामाला जबाबदार माणूस असतो. तुमच्या कामाला कोण जबाबदार? दिवा धरणारी मुलगी?

आपली,
वहिनी

---

१ एप्रिल

वहिनीस,

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या.

तुझ्या बिलाचं काय केलं ते सांगते. जुन्या मशीनखाली तेल गळतं, तिथे अंथरलं. कागद चांगला जाड आहे, तेल छान पितो. कंपनीचा ना!

आई आली आणि चप्पल काढता काढताच म्हणाली, "त्यांच्याकडे गाडी नुसती धुतात गं. चकचकीत करतात आणि पैसे घेतात. ब्रेकला कुणी शिवलंही नाही." हे मी नाही, माझी आई म्हणते. दोन वाक्यं तुझ्यासमोर बोलली असती तर तू तिलाही "मॅडम, दर फिक्स आहेत" म्हणाली असतीस. बिलावर काम, गाडीवर पाणी. तुमचा धंदा मला कळला. नाकापेक्षा मोती जड!

आणखी ऐक. या महिन्यात गाडी पेट्रोल भसाभसा पितेय. इतकी कधी प्यायली नव्हती. तुमच्या त्या वर्कशॉपमध्ये टाकीतून कुणी काढून घेतं का, तेवढं जरा बघ. शिवाय लांबचं अंतर चालवून थांबले की करपल्यासारखा वास येतो. आई म्हणते, तो तुझ्या नव्या सीटकव्हरांचा. असेलही. स्वस्त माल महाग दराने घेतला की असाच जळका वास येतो.

हँडब्रेकचं म्हणशील तर काल मीच पुन्हा बघितला. आईने सकाळपासून तगादा लावला होता. या वेळी चाकं काढली नाहीत. आतलं सगळं मी जानेवारीत केलंय आणि तिथे तुमच्यापैकी कुणाचा हात पोचलेला नाही हे मला माहीत आहे. लिव्हरच्या खालचं झाकण काढलं आणि केबलचा नट दोन फेरे आवळला. झालं काम. तुमच्या एवढ्या मोठ्या वर्कशॉपला महिनाभर जमलं नाही, ते मी पाना घेऊन एका चहाच्या वेळात केलं.

आईला गुडघ्याच्या व्यायामाला वेळेवर नेत जा. फेब्रुवारीत दोनदा चुकवलंत असं ती म्हणाली.

नणंद

---

१७ एप्रिल

वन्सं,

हे पत्र गाडीतून येत नाहीये, पोस्टाने येतंय. गाडी वर्कशॉपच्या आवारात पुढून चेपलेली उभी आहे. अक्षर वाकडं आहे, कारण डाव्या हाताने लिहितेय. उजवं मनगट मोडलंय.

परवा आईंना व्यायामाहून घरी आणत होते. दवाखान्याचा उतार उतरताना ब्रेकचं पेडल पायाखाली मऊ पडलं. दाबलं तर थेट तळाला. हँडब्रेक ओढायला गेले, तर तो आधीच इतका आवळलेला की ओढायला काही उरलंच नव्हतं. मागच्या चाकांतून धूर येत होता. मागे बसलेल्या आई ओरडत होत्या, "अगं थांबव, थांबव!" जणू मला थांबवायचं नव्हतं! खाली चौक, चौकात माणसं. मी गाडी बांधकामाच्या वाळूच्या ढिगात घातली.

आईंना खरचटलंही नाही. रात्री त्यांनी पोटभर जेवण केलं. मला मात्र अजून डोळे मिटले की तो चौक दिसतो.

वन्सं, काल तुमचं एप्रिलचं पत्र पुन्हा वाचलं. "पाना घेऊन एका चहाच्या वेळात." तुमच्या त्या चहाने परवा दोन जीव गेले असते. तुमच्या भावाने निर्णय घेतलाय, आणि मी त्यांना अडवलं नाही. ज्या घरी ब्रेकला घरचा हात लागतो, त्या घरी आई जाणार नाहीत. मे तुमचा नाही. पुढचाही नाही. त्या इथेच राहतील. भेटायचं असेल तर या, पण पाना घरी ठेवून या.

वहिनी

---

२१ एप्रिल

वहिनी,

हात कसा आहे? विचारलं म्हणून हुरळून जाऊ नकोस. हात मोडला तर चौकशी शत्रूचीही करतात.

काल तुझ्या वर्कशॉपला आले होते. तू रजेवर होतीस. काचेच्या खोलीत बसवलं मला, "ग्राहकांना आत प्रवेश नाही" अशी पाटी असलेल्या दारापाशी. तिथून बाबांची गाडी दिसत होती. नाक चेपलेलं, बाकी सगळी धड. पहारेकऱ्याला म्हटलं, मागचं चाक तेवढं बघू दे. तो म्हणाला, "आजी, ते तुमचं काम नाही." मला आजी म्हणाला! तुमच्याकडे नात्याचे दरही फिक्स नाहीत वाटतं.

आता भांडण बाजूला ठेवून वाच. जमेल तेवढं बाजूला ठेव, मीही तेवढंच ठेवलंय.

मी रात्रभर विचार केला. हँडब्रेक गरजेपेक्षा जास्त आवळला की मागचे शू ड्रमला कायम घासत राहतात. गाडी ओढून चालते, म्हणून पेट्रोल जास्त पिते. ड्रम तापतो, म्हणून करपल्याचा वास येतो. उतारावर आणखी तापतो, ब्रेकचं तेल उकळतं आणि पेडल मऊ पडतं. तुला झालं ते हेच. पण पेट्रोल आणि वास, दोन्ही मार्चमध्येच सुरू झालं होतं. मी केबलला पाना लावायच्या आधी! म्हणजे गाडी माझ्याकडे आली तेव्हाच तो आवळलेला होता. तुमच्या लोकांनी फेब्रुवारीत खरोखर काम केलं होतं. तू खोटं लिहिलं नव्हतंस.

आणि मीही लिहिलं नव्हतं. जानेवारीत मी दोन्ही ड्रम उघडले होते. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, ड्रम उघड आणि बघ. आतल्या दात्यांच्या चाकावर मी लाल नेलपॉलिशचा ठिपका दिलाय, बाबा रंगाचा द्यायचे तसा. जळला नसेल तर दिसेल.

मार्चच्या शेवटी पाना लावण्यापूर्वी मी खटके मोजायला हवे होते. मोजले असते तर पाचाऐवजी दोनच लागले असते आणि सगळं तिथेच कळलं असतं. मोजले नाहीत, कारण आई म्हणाली होती की तुम्ही काही केलं नाही, आणि मला ते खरं असायला हवं होतं. बस, इतकंच कबूल करते.

मे महिन्याबद्दल. इथे दिवसभर मशीनचा आवाज असतो, संध्याकाळी तोही थांबतो. आई असते तेव्हा ती माझ्या प्रत्येक टाक्याला नावं ठेवते, भाजीला ठेवते, खिडकी उघडी ठेवली तर उघडी का म्हणते, लावली तर लावली का म्हणते. तो महिना मला हवाय. ही विनंती नाही. मी तुझ्याकडे विनंती करणार नाही. पण आईला माझ्याकडून काढून घेतलंस तर मी कोलमडेन, हे तुला माहीत असावं म्हणून लिहिते.

नणंद

---

२८ एप्रिल

वन्सं,

ड्रम उघडला.

मी प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवून वर्कशॉपमध्ये उभी राहिले आणि माझ्यासमोर दोन्ही चाकं काढायला लावली. शू जळून कोळसा झालेत. तुमचा ठिपका एका बाजूला करपलाय. दुसऱ्या बाजूला स्पष्ट आहे. लाल. आमच्याकडे अशा वेळी पिवळा रंग वापरतात.

फेब्रुवारीत हे काम केलेल्या मेकॅनिकला विचारलं. म्हणाला, "मॅडम, हँडब्रेक चांगला धरत होता. पण कार्डवर तुम्ही तक्रार लिहिली होती. तक्रार लिहिली की काहीतरी करावंच लागतं, नाहीतर बिलात काय घालणार? केबल आवळली तीन फेरे." मी विचारलं, ड्रम उघडून का नाही बघितला? म्हणाला, "ड्रम उघडणं वेगळं काम आहे. त्याचे पैसे वेगळे पडतात. ते तुम्ही लिहिलं नव्हतं." बरोबरच होतं त्याचं. माझ्याच अक्षरातलं कार्ड होतं. तुमचे दोन फेरे, आमचे तीन. तुम्ही नीट केलेलं काम आधी आम्ही बिघडवलं, मग तुम्ही.

घरी गेले आणि आईंना विचारलं. पायावर पाय टाकून पेपर चाळत होत्या. "आई, जानेवारीत वन्संनी गाडीचं काय काम केलं होतं?" सहज म्हणाल्या, "अगं, दोन दिवस खुडबुड चालली होती तिची. चाकं काढून बसली होती. हात काळेभोर. जेवायलासुद्धा येईना."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हटलं, "मग मला तुम्ही का सांगितलंत की हातसुद्धा लावला नाही?"

आईंनी पेपर खाली ठेवला. मी काहीतरी अगदी अडाणी विचारल्यासारखं माझ्याकडे बघितलं. "असं काय करतेस? जिच्या घरी महिनाभर जेवायचं, तिच्यासमोर दुसरीचं कौतुक कसं करायचं? वाईट नाही वाटणार तुला?"

"आणि तिकडे गेल्यावर?"

"तिकडे तुझं कसं करणार? तिला वाईट वाटेल की."

वन्सं, त्या खोटं बोलत नव्हत्या. शिष्टाचार पाळत होत्या. दोन्ही डगरींवर हात ठेवून आठ वर्षं पाळताहेत. हँडब्रेक सरकतो हे एकदा खरं होतं, पुढे ते त्यांचं बोलायचं निमित्त झालं. व्यायाम आम्ही फेब्रुवारीत एकदाही चुकवला नव्हता, हेही ऐकून ठेवा. आणि तुमच्याकडे त्यांना दुपारचं जेवण उशिरा मिळतं, असं मला प्रत्येक वेळी सांगतात. आता खरं काय ते तुम्हालाच ठाऊक.

मॅनेजर म्हणाला, "रिपोर्टमध्ये लिहा, बाहेरच्या माणसाने ब्रेकला हात लावला होता. आपण सुटतो." मी लिहिलं नाही. तुमच्यावर उपकार म्हणून नाही. मी ते लिहिलं असतं तर त्याच मेकॅनिकने तसाच हँडब्रेक दुसऱ्या कुणाचा आवळला असता, आणि तिथे वाळूचा ढीग असेलच असं नाही. जे झालं ते लिहिलं, दोघांचं. मला काउंटरवरून उचलून मागच्या सुट्या भागांच्या खिडकीवर टाकलंय. तिथे पंखा नाही. तुमच्या भावालाही सगळं सांगितलं. आधी माझ्यावर चिडले, मग तुमच्यावर, मग आईंवर चिडायला गेले आणि जमलं नाही.

मे तुमचा. आईंना टॅक्सीने पाठवते.

माझा तुमच्यावरचा राग गेलेला नाही. काउंटरवर ओरडलात ते मी विसरणार नाही. बिल तेलात घातलंत तेही नाही. फेब्रुवारीचे निम्मे पैसे अजून बाकी आहेत.

वहिनी

---

३ मे

वहिनीस,

आशीर्वाद. या वेळी जबरदस्तीचा नाही, पण फार प्रेमाचाही समजू नकोस.

फेब्रुवारीचे निम्मे पैसे देणार नाही. ज्या कामाने गाडी बिघडली त्याचं बिल मी भरायचं, हा कुठला न्याय? कोर्टात जा. मात्र नवे शू आणि ब्रेकचं तेल तुझ्या खिडकीवरून घेईन, कंपनीचे, तू सांगशील त्या दराने. बसवणार मी. धाकट्याला सांग, गाडी वर्कशॉपमधून ओढून माझ्याकडे आणून टाक. चेपलेलं नाक तुमचं, मागची चाकं माझी. यापुढे ज्या नटाला माझा पाना लागेल त्यावर लाल ठिपका, तुमचा लागेल त्यावर पिवळा. ठिपका नसेल तर काम झालेलं नाही, आई काहीही म्हणो. दुपारचं जेवण ती स्वतः उशिरा करते, कारण दोन वाजेपर्यंत तिला भूक लागत नाही. हेही लिहून ठेव.

पंखा नाही म्हणालीस. माझ्याकडे एक टेबलावरचा आहे. मोटार मी स्वतः बांधलीय, म्हणून तुला विश्वास वाटणार नाही. ओळखीच्या टॅक्सीवाल्याच्या हाती पाठवतेय. वापर नाहीतर फेकून दे.

आता परवाचं सांगते. आई आली. टॅक्सीतून उतरताना ड्रायव्हरला गाडी कशी चालवावी ते शिकवलं. आत आली, चप्पल काढली, खुर्चीत बसली आणि सुरू झाली, "तिचा हात मोडलाय खरा, पण सगळं मलाच बघावं लागलं गं. त्या गाडीकडे तर कुणी ढुंकूनही बघितलं नाही."

आठ वर्षं मी या वाक्यावर हुंकार भरत आलेय, वहिनी. तो हुंकार ओठांपर्यंत आलासुद्धा होता. मग म्हटलं, "बघितलं आई. तिने मोडक्या हाताने उभं राहून दोन्ही ड्रम उघडून घेतले. चांगलं काम केलं तिने."

आई माझ्याकडे टक लावून बघत राहिली. ती एकदम म्हातारी झाल्यासारखी मला त्या क्षणी पहिल्यांदा दिसली. हलक्या आवाजात म्हणाली, "तुमचं दोघींचं बोलणं सुरू झालं की काय?"

ती घाबरली होती. आपण दोघी एक झालो तर तिच्या बाजूने बोलायला कुठल्याच घरात कुणी उरणार नाही, असं तिला वाटलं असावं. मला तिचा राग यायला हवा होता. आला नाही.

"छे," मी म्हटलं. "तिचं तोंडसुद्धा बघायचं नाही मला."

"मग बरं," म्हणाली, आणि चहा टाकायला सांगितला.

नणंद